लंडनचं दहा नंबर घर: आधी उद्घाटन, मग परवानगी

ऐरोलीत सेक्टर १५ ला नवी मुंबई महापालिकेने बांधलेलं बाबासाहेबांचं स्मारक आहे. तिथल्या लायब्ररीत आमच्या ग्रुपमधली बरीच मुलं अभ्यासाला बसतात, कोण दिघ्याचं, कोण रबाळ्याचं, दोघं-तिघं ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडून येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा लेखी झाल्यापासून नीतिशास्त्राच्या पेपरसाठी प्रकरणं सोडवायची सवय लागते म्हणून दर रविवारी आम्ही एक प्रकरण घेतो, पुस्तकातलं बनवलेलं नको, खरोखर घडलेलं आणि ज्याचा निकाल लागलेला आहे असं. सोबत आमचे एक काका असतात, सरकारी ऑडिटमधून रिटायर झालेत, मुलं त्यांना काकाच म्हणतात आणि ते सगळ्यांना बाळा म्हणतात.

यावेळचं प्रकरण मी सुचवलं. सरकारने लोकांच्या पैशातून मोठ्या माणसाचं राहतं घर विकत घ्यावं का, ते दुरुस्त करून त्याचं म्युझियम करावं का, आणि करायचंच असेल तर फाईल कशी चालवावी. उदाहरण लंडनचं, १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब तिथे शिकायला असताना राहिले ते घर. एका रविवारी संपेल असं वाटलेलं, तीन रविवार लागले, आणि बोलता बोलता माझं स्वतःचं मत दोनदा फिरलं म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी घडलं काय ते.

बाबासाहेब पहिल्यांदा लंडनला गेले १९१६ ला. बडोदा संस्थानची स्कॉलरशिप संपली आणि १९१७ ला अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेना या पारशी मित्राने उसने दिले आणि १९२० ला पुन्हा गेले. एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दुसरीकडे ग्रेज इनमधे बॅरिस्टरी, दोन्ही एकदम. १९२१ ला एमएस्सी, १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डीएस्सी. यातल्या १९२१-२२ च्या काळात ते प्रिमरोज हिल भागातल्या या घरात राहात होते. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं हे एक चार मजली घर, राजवाडा वगैरे काही नाही, रस्त्यावरून जाताना लक्षही जाणार नाही असं, फक्त भिंतीवर गोल निळी पाटी की डॉ. आंबेडकर इथे १९२१-२२ मधे राहिले.

हे घर विक्रीला आलं तेव्हा तिथल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या फेडरेशनने महाराष्ट्र सरकारच्या कानावर घातलं. २०१५ ला सरकारने ते घेतलं, किंमत तीस लाख पौंडांच्या वर, म्हणजे त्यावेळच्या भावाने तीस कोटींच्या वर रुपये. तेव्हाचे सामाजिक न्याय मंत्री राजकुमार बडोले त्यासाठी लंडनला गेले होते. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते उद्घाटन झालं. इथपर्यंतची बातमी आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, फोटो पण आठवतात. पुढचं फार कमी लोकांना माहीत आहे.

कागदोपत्री ते राहतं घर होतं. इंग्लंडमधे वापर बदलायचा तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते, हा भाग कॅम्डेन कौन्सिलच्या हद्दीत येतो, आणि परवानगी न घेताच म्युझियम सुरू झालेलं. २०१८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे उद्घाटनाला सव्वादोन वर्षं उलटल्यावर, मागाहून परवानगीचा अर्ज गेला. काही शेजाऱ्यांची तक्रार होती की बसेस भरभरून माणसं येतील, फोटो काढतील, आवाज होईल. ऑक्टोबर २०१८ ला कौन्सिलने अर्ज फेटाळला. मुख्य कारण हे की लंडनमधे राहायच्या जागांची टंचाई आहे आणि राहतं घर दुसऱ्या कामाला गेलं की तेवढी एक जागा कायमची कमी होते.

मुलांना पहिल्यांदा राग आला. एक जण म्हणाला, सर हे सरळ सरळ आपल्या माणसाला नको म्हणणं झालं. मी त्याला म्हटलं थांब, हेच आपल्या इथे आणून बघ. सिडकोच्या जमिनी सगळ्या लीजवर, ॲग्रीमेंटमधे रहिवासी वापर लिहिलेला असतो, आणि खाली कोणी क्लास काढला की सोसायटीत काय होतं? जिन्यात चपलांचा ढीग, पार्किंगला दुचाक्या, मग कोणीतरी अर्ज टाकतो आणि नोटीस येते. तिथे आपण म्हणतो ना की वापर बदलायला परवानगी का नाही घेतली. मग सरकारने तेच केलं तर नियम वेगळा कसा? तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं त्याला, ते दिसत होतं, आणि त्याचं पटलं नाही हेही मला बरोबरच वाटतं कारण क्लास आणि हे घर एका तराजूत बसत नाहीत.

अपील झालं. सप्टेंबर २०१९ ला जाहीर सुनावणी झाली, स्वतंत्र इन्स्पेक्टरने दोन्ही बाजू ऐकल्या, रिपोर्ट वर गेला, आणि मार्च २०२० ला ब्रिटिश सरकारचे गृहनिर्माण आणि स्थानिक शासनाचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी अपील मंजूर केलं. त्यांनी कौन्सिलला चुकीचं ठरवलं नाही हे लक्षात घ्या, एक राहती जागा कमी होते हे नुकसान मान्य केलं, पण या वारशाचं मोल त्याहून जास्त धरलं. म्युझियम कायदेशीर झालं आणि त्याच महिन्यात कोरोनाने लंडन बंद पडलं. म्हणजे उद्घाटनापासून रीतसर परवानगी मिळेपर्यंत सव्वाचार वर्षांच्या वर गेली.

ही झाली हकीकत. मी मुलांना जो प्रश्न घातला तो असा: साल २०१५, तुम्ही मंत्रालयात सामाजिक न्याय विभागात उपसचिव आहात, खरेदीची नस्ती, म्हणजे फाईल, तुमच्या टेबलावर आहे, घर बाजारात आहे आणि दुसरा कोणी घेऊन जाईल अशी घाई आहे. टिपणी लिहा.

पहिल्या रविवारी निम्म्या मुलांनी लिहिलं घेऊ नये. त्यांचा हिशोब मला आवडला, भावनेवर नव्हता. हाच विभाग अनुसूचित जातीच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवतो, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. कळव्याची एक मुलगी आहे, तिचा चुलतभाऊ या शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षं प्रयत्न करत होता, ती म्हणाली, सर आजच्या हिशोबाने लंडनला एक वर्षाची मास्टर्स, फी आणि राहणं-खाणं धरून तीस ते चाळीस लाख पकडा, तीस कोटीत पंचाहत्तर ते शंभर मुलं शिकून येतील. बाबासाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी विटा घेतल्या असत्या की मुलं पाठवली असती? वर्ग एकदम शांत झाला. खरं सांगायचं तर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं आणि त्या दिवशी घरी जाताना मी तिच्याच बाजूने होतो.

पुढच्या रविवारी काकांनी वेगळा धागा ओढला. ते म्हणाले, बाळा तू दोन वेगळ्या प्रकारचे खर्च एकत्र केलेस. शिष्यवृत्ती हा दरवर्षीचा खर्च, यावर्षी दिला, पुढल्या वर्षी परत द्यायचा. घर घेणं हा भांडवली खर्च, एकदाच होतो आणि त्या पैशाची वस्तू सरकारच्या नावावर उभी राहते, लंडनसारख्या ठिकाणी तर तिला बाजारभावही आहे. तीस कोटी गेले असं म्हणू नकोस, तीस कोटींचं घर आलं म्हण. मग प्रश्न कुठला राहिला? ते घर चालवायला वर्षाला किती लागतील, ते बजेटच्या कोणत्या हेडमधून, म्हणजे कोणत्या खात्यातून येतील, आणि ते शिष्यवृत्तीच्या ताटातून उचलले जाणार का.

मग त्यांनी सांगितलं की बाबासाहेबांचा हाच तर विषय. एमएस्सीचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या तिजोरीबद्दल, केंद्राने प्रांतांकडे आर्थिक अधिकार कसे वाटले त्याबद्दल. डीएस्सीचा रुपयाच्या प्रश्नावर. म्हणजे त्या घरात राहणारा माणूस दिवसभर सरकारी पैसा या एकाच गोष्टीचा विचार करत होता. आणि पुढे १९४९ ला घटना समितीत त्यांनी नियंत्रक आणि महालेखापरीक्षक या पदाबद्दल बोलताना म्हटलं होतं की राज्यघटनेतला हा बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी, कारण संसदेने मंजूर केल्यापेक्षा जास्त खर्च होत नाही ना हे तोच बघणार. काकांचा आवाज हे सांगताना जरा बदलतो, आयुष्य ऑडिटमधे गेलंय त्यांचं. ते म्हणाले, या माणसाच्या नावाने केलेला खर्च तरी असा असावा की ऑडिटला बोट ठेवायला जागा मिळू नये.

इथे माझं मत पहिल्यांदा फिरलं. घर घ्यावं. पण हिशोबाच्या पलीकडचं एक कारणही आहे आणि ते मला टिपणीत लिहिता येईल का हे मी बराच वेळ घोळवत होतो.

लंडनच्या त्या दिवसांबद्दल चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. सकाळी पावाचा तुकडा, कपभर बोव्हरिल (मांसाच्या अर्काचं गरम पेय), दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत, दुपारच्या जेवणाला चाट, रात्री भूक लागली की कोणा ओळखीच्याने दिलेल्या डब्यातले पापड. आपल्याकडे बाबासाहेब म्हटलं की निळा कोट, हातात संविधान, बोट वर केलेला पुतळा, चौकाचौकात. त्या पुतळ्याला भूक लागत नाही. आमच्या ग्रुपमधली मुलं रबाळ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीतून येतात, घरी अभ्यासाला जागा नाही म्हणून लायब्ररीत बसतात, दुपारी वडापाववर भागवतात. त्यांना पुतळ्यापेक्षा अरुंद जिन्याची, भाड्याची खोली जास्त जवळची वाटेल असं मला मनापासून वाटतं. तीस वर्षांचा माणूस, बायको-मुलं समुद्रापलीकडे, उसने पैसे, परीक्षा डोक्यावर. ही गोष्ट सांगायला घर लागतं, चबुतरा चालत नाही.

त्यातला एक मुलगा पटकन बोलला, मग परळ? आणि हा मुद्दा तीन रविवारांतला सगळ्यात मोलाचा निघाला. बाबासाहेब त्या लंडनच्या घरात राहिले वर्षभर. परळच्या बीआयटी चाळीत, खोली नंबर ५० आणि ५१, जवळजवळ वीस-बावीस वर्षं, १९१२ ते १९३४ च्या सुमारास. लंडनला ते पापड खात होते तेव्हा रमाई त्याच परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. एकाच गोष्टीची ही दोन टोकं आहेत, आणि पैसा, लक्ष, उद्घाटन आधी लंडनच्या टोकाला मिळालं. मी असं म्हणत नाही की लंडन नको होतं. पण वर्षभराच्या घराला तीस कोटी आणि बावीस वर्षांच्या दोन खोल्यांचा विचार नंतर, याचं कारण परळच्या खोल्या विक्रीला नव्हत्या एवढंच असेल तर मग आपण वारशाची यादी इतिहासावरून करतोय की प्रॉपर्टी बाजारावरून, हे कोणीतरी फाईलवर विचारायला हवं.

कमी काळ राहिले म्हणून घर कमी मोलाचं, हे मात्र मी मानत नाही. लंडनमधेच, त्याच कॅम्डेनमधे, डाउटी स्ट्रीटवर चार्ल्स डिकन्सचं घर आहे, तो तिथे १८३७ ते १८३९ एवढाच राहिला, आणि १९२५ पासून तिथे म्युझियम चालू आहे. तो पैसा सरकारने टाकला नव्हता, डिकन्सच्या वाचकांच्या संघटनेने घर वाचवलं. राहिलेल्या वर्षांपेक्षा त्या वर्षांत काय झालं ते मोठं. आपल्या घराच्या वर्षात रुपयावरचा प्रबंध आणि बॅरिस्टरी आहे, म्हणजे कमी काही नाही.

आता परवानगीचं. मला सगळ्यात जास्त त्रास इथे होतो आणि मुलांवर सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवला. घाई समजू शकते, बाजारात घर थांबत नाही. पण घर घेण्याची घाई आणि उघडण्याची घाई या दोन वेगळ्या घाया आहेत. खरेदीखत झालं की घर कुठे पळून जात नाही. त्यानंतर सहा महिने, वर्ष लागलं असतं, अर्ज टाकायचा, आजूबाजूच्या शेजाऱ्यांना चहाला बोलवायचं, सांगायचं की बाबांनो दिवसाला इतकीच माणसं येतील, बस गल्लीत आणणार नाही, संध्याकाळी ठराविक वेळेला बंद. उद्घाटनाचा दिवस आधी ठरला आणि बाकी सगळं त्याच्या मागे धावलं, आपल्याकडे रस्त्यापासून नाट्यगृहापर्यंत हेच होतं म्हणून आपल्याला त्यात वावगं दिसत नाही. पण इथे परिणाम असा की ज्या माणसाने कायद्याचं राज्य शिकवलं त्याच्या घराच्या दारावर कायदा मोडल्याचा ठपका सव्वाचार वर्षांच्या वर राहिला, आणि तो ठपका काढायला वकील, सुनावण्या, कागद, त्यावरही लोकांचाच पैसा गेला असणार. दौऱ्याची तारीख हेच कारण असेल तर उपसचिवाने लिहायला हवं होतं की कोनशिला बसवू, दार परवानगीनंतर उघडू.

एकाने विचारलं, सर पण शेवटी जिंकलोच ना? जिंकलो. पण मंत्र्याचा निर्णय उलटा लागला असता तर तीस कोटींचं घर घेऊन त्यात काय केलं असतं? टिपणीत ही जोखीम लिहिलेली असावी लागते, नंतर नशिबाने निभावलं म्हणून आधीची जोखीम नव्हती असं होत नाही. काका यावर जोरात मान हलवत होते.

त्यावर कळव्याच्या त्या मुलीनेच तोड सुचवली. वरच्या मजल्यावर शाहू शिष्यवृत्तीवर गेलेली दोन-तीन मुलं राहायला ठेवायची, खाली म्युझियम. कौन्सिलचं म्हणणं राहती जागा जाते, मग थोडी राहती जागा ठेवा, आणि विद्यार्थी राहिले त्या घरात विद्यार्थीच राहतील. तिच्या शिष्यवृत्तीच्या आक्षेपालाही त्यात थोडं उत्तर मिळतं. आग लागली तर बाहेर पडायची वाट, म्युझियम बंद झाल्यावर दाराची जबाबदारी, असे प्रश्न निघतील, पण अशी तोड सुचायला आधी आक्षेप मनापासून ऐकावा लागतो, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

तिसरा रविवार दुरुस्तीवर गेला. हा भाग परीक्षेत कोणी विचारत नाही तरी मी घेतला, कारण आमच्या घरी त्याचा अनुभव आहे. माझं आजोळ ठाण्याचं, खारकर आळीजवळ. कौलारू घर होतं, चुन्याच्या जाड भिंती, उन्हाळ्यात आत गेलं की गार. मी शाळेत असताना भिंतीला ओल आली म्हणून मामाने एका ठेकेदाराकडून पूर्ण सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. दोन पावसाळ्यांत भिंत आतून फुगायला लागली, पांढरं मीठ फुटून यायचं, रंगाचे पापुद्रे पडायचे. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते, सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतच कुजते आणि लाकडी तुळयांच्या टोकांपर्यंत जाते. आजी म्हणायची घराला घाम फुटलाय. पुढे तुळई कुजली, घर पाडलं, आता तिथे सात मजली बिल्डिंग आहे. ठेकेदार वाईट माणूस नव्हता, त्याला सिमेंटच माहीत होतं.

सरकारी दुरुस्तीत हेच मोठ्या रकमेने होतं. काका सांगत होते, जुन्या इमारतीचं काम नेहमीच्या डीएसआरमधे, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरसूचीत, बसत नाही, चुन्याचं प्लास्टर, जुन्या पद्धतीचं सुतारकाम असले रेट त्यात सहसा मिळत नाहीत, मग वेगळं दर विश्लेषण करावं लागतं, ते करायचा कंटाळा म्हणून सिमेंट आणि प्लायवूडचे आयटम टाकले जातात, टेंडर सगळ्यात कमी भरणाऱ्याला जातं, फिनिशिंग चकचकीत होतं आणि पाच वर्षांनी त्याच भिंतीवर परत एस्टिमेट. ऑडिटमधे खर्च बरोबर दिसतो, पावत्या असतात, मोजमाप पुस्तिका भरलेली असते. फक्त घर मेलेलं असतं. काकांनी हे असंच म्हटलं आणि कोणी काही बोललं नाही.

दुसरं म्हणजे घर दुरुस्त करून आत दाखवायचं काय? लंडनच्या घरात १९२१ नंतर किती कुटुंबं येऊन गेली असतील, एका भाडेकरू विद्यार्थ्याची खाट आणि टेबल कोण जपून ठेवणार होतं. अशा घरात बरंचसं नव्याने मांडावं लागतं, आणि मांडायला माझी हरकत नाही, फक्त प्रत्येक वस्तूखाली स्वच्छ लिहावं की ही मूळ आहे, ही त्या काळातली आहे पण त्यांची नाही, ही आत्ता बनवलेली. आमच्या मुलांना पण हे कळतं, त्यांना फसवलेलं आवडत नाही. गुजरातने मांडवीला श्यामजी कृष्ण वर्मांच्या लंडनमधल्या इंडिया हाऊसची प्रतिकृती बांधली, ती प्रतिकृती आहे हे उघड आहे, त्यात काही लपवाछपवी नाही. आणि दुसऱ्या टोकाला मुंबईत गावदेवीचं मणिभवन, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथे उतरायचे, दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली काचेपलीकडून दिसते, गादी, चरखा, बस. खाली लायब्ररी. मी कॉलेजला असताना पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या खोलीसमोर दहा मिनिटं नुसता उभा होतो, आणि नंतर खाली लायब्ररीत दोन तास बसलो. तिथे रोज वाचायला येणारी म्हातारी माणसं होती, म्हणून ते घर जिवंत वाटलं.

भिडे वाड्याचंही निघालंच. पुण्यात १८४८ ला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो वाडा, वर्षानुवर्षं कोर्टात अडकला, २०२३ च्या नोव्हेंबरमधे सुप्रीम कोर्टात भाडेकरूंचा दावा टिकला नाही, डिसेंबरमधे महापालिकेने ताबा घेतला आणि तोपर्यंत इतका मोडकळीला आलेला की पाडूनच टाकावा लागला, आता तिथे नवीन स्मारक. काका एवढंच म्हणाले की वेळेवर केलेली दुरुस्ती स्वस्त असते. म्हणजे घर म्युझियम करायचं की नाही हा वाद चालू असताना छप्पर गळत असतं, आणि वाद संपेपर्यंत म्युझियम करायला घर उरत नाही. मग सगळ्यात पहिला खर्च म्युझियमवर नकोच, ताडपत्री, कौलं, पन्हाळी, वाळवी यांच्यावर हवा, आणि तो निर्णयाची वाट न बघता व्हावा. या मुद्द्यावर माझं मत दुसऱ्यांदा फिरलं, आधी मी म्हणत होतो की सगळा आराखडा ठरल्याशिवाय एक रुपया खर्च करू नये.

रकमेबद्दल एक गोष्ट राहिली. काही मुलांना तीस कोटी फार वाटत होते. लंडनच्या उद्घाटनाच्या महिनाभर आधी, ११ ऑक्टोबर २०१५ ला, दादरच्या इंदू मिलच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं होतं, त्याचा खर्च हजार कोटींच्या वर आहे. त्यामुळे रक्कम मोठी की छोटी यावर भांडण्यात मला अर्थ दिसत नाही. चार मजली घर नीट चालवायला एक चांगला क्युरेटर, दोन-तीन माणसं, सफाई, विमा, हिवाळ्यात हीटिंग, छपराची दरवर्षी पाहणी एवढं लागतं, आणि बजेटमधे सगळ्यात आधी कात्री यालाच लागते कारण या खर्चाचं उद्घाटन करता येत नाही, त्याला फीत नसते. आमच्या मुलांपैकी तिघांनी पहिल्या टिपणीत दरवर्षीच्या खर्चाचा एक शब्द लिहिला नव्हता. शेवटच्या टिपणीत सगळ्यांनी लिहिला.

शेवटी मिळून जी टिपणी तयार झाली ती साधारण अशी. घर घ्यावं, कारण परत बाजारात येईल याची खात्री नाही. खरेदीसोबतच वापर बदलाचा अर्ज करावा आणि परवानगी येईपर्यंत लोकांसाठी उघडू नये, पण छप्पर आणि ओल यांचं काम लगेच हाती घ्यावं. देखभालीसाठी दहा वर्षांचा खर्च आत्ताच वेगळा बाजूला काढावा, शिष्यवृत्तीच्या हेडला हात लावू नये. दुरुस्तीचं काम सगळ्यात स्वस्ताला न देता जुन्या इमारतींचं काम केलेल्यालाच द्यावं. दरवर्षी किती माणसं आली, किती खर्च झाला, हे लोकांना बघता येईल असं जाहीर करावं. आणि परळच्या खोली नंबर ५०, ५१ चा प्रस्ताव याच नस्तीला जोडून पाठवावा.

काकांनी कागद हातात घेऊन चष्मा वर केला, दोनदा वाचला, आणि दहा वर्षांच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारली. म्हणाले, बाळांनो, अकराव्या वर्षाचं कुठंय? आता पुढच्या रविवारी तेच घेतोय.